शाळेत करिअर पोर्टल कसं वापरायचं: काम नव्यानं अंगावर आलेल्या शिक्षकांसाठी

शाळेत करिअर मार्गदर्शनाचं काम कुणाकडं द्यायचं हा विषय निघाला की स्टाफरूममधले सगळे नवीन आलेल्या शिक्षकाकडं बघतात, कारण त्याला मोबाईल जमतो असा एक पक्का समज असतो. तुमच्याकडं आलंय का? मग हे वाचा. मराठवाड्यातल्या शाळेच्या हिशोबानं लिहितोय, म्हणजे जिथं कॉम्प्युटर लॅबमधी निम्म्या मशीन चालू असतात, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि निम्मे पालक दिवाळीनंतर गावात नसतात, तसली शाळा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, बाकी सगळं त्याच्यावरच आहे. नववी-दहावीच्या पोरानं "मी कोण होणार" हे आत्ताच ठरवायची काही गरज नाही. कोणता विषय सोडला की कोणता रस्ता बंद होतो, एवढं त्याला कळलं तरी पोर्टलचं पोर्टलपण वसूल झालं. म्हणून पोर्टलवर करिअरचं पान उघडलं की फोटो, पगार, "भविष्यातील संधी" वगैरे नंतर वाचायचं, सगळ्यात आधी पात्रतेची ओळ वाचायची. पोरं बरोबर उलटं करतात, आधी पगार बघतात. आपणही तेच करतो म्हणा.

कोणतं पोर्टल कशासाठी

इथंच पहिला घोळ होतो. माहितीचं पोर्टल वेगळं, प्रवेशाचं वेगळं, शिष्यवृत्तीचं वेगळं. पालकांना आणि कधीकधी मुख्याध्यापकांनाही वाटतं की एकदा कुठंतरी पोराचं नाव टाकलं म्हणजे झालं.

माहितीसाठी आपल्या राज्यात महाकरिअर पोर्टल आहे, एससीईआरटी (राज्याची शैक्षणिक संशोधन परिषद) आणि युनिसेफनं मिळून मे २०२० मध्ये सुरू केलं, म्हणजे ऐन लॉकडाऊनमधी. नववी ते बारावीच्या पोरांसाठी. त्यात करिअरची माहिती, कॉलेजं, प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्त्या असे चार मोठे भाग, आणि मराठीतही वाचता येतं. लॉगिनला पोराचा सरल आयडी (सरकारच्या सरल प्रणालीतला विद्यार्थ्याचा नंबर) लागतो. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस म्हणून आणखी एक आहे, २०१५ पासूनचं, पण ते जास्त करून नोकरी शोधणाऱ्यांच्या कामाचं, दहावीच्या पोराला तिथं नेऊन बसवलं तर ते गोंधळून जातं.

प्रवेशाची पोर्टलं ही अशी: अकरावीचं केंद्रीय प्रवेशाचं, आयटीआयचं डीव्हीईटीचं (व्यवसाय शिक्षण संचालनालय), पॉलिटेक्निकचं डीटीईचं (तंत्रशिक्षण संचालनालय), आणि बारावीनंतरचं सीईटी सेलचं (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारं कार्यालय). दहावीनंतरच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे फॉर्म महाडीबीटीवर. हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नोटीस बोर्डावर लावा, "इथं फक्त माहिती" आणि "इथं खरा फॉर्म" असे दोन भाग करून. एवढ्या एका कागदानं तुमचे अर्धे फोन कमी होतील.

लॉगिनच्या आधी वही

थेट लॅबमधी नेऊ नका पोरांना. आधी एक दोनशेपानी वही घ्या, प्रत्येक पोराला एक पान द्या. त्यावर पूर्ण नाव जनरल रजिस्टरमधी जसं आहे तसंच (आधारवर वेगळं असेल तर तेही खाली लिहा, त्याचं पुढं लई काम पडतंय), सरल आयडी, जन्मतारीख, आणि मोबाईल नंबर. सरल आयडी वर्गशिक्षकाकडं किंवा ऑपरेटरकडं असतो, एकदाच पूर्ण वर्गाची यादी काढून घ्या, नसता दर तासाला तेच तेच मागत बसाल.

मोबाईल नंबर लिहिताना एक प्रश्न नक्की विचारायचा: हा फोन नोव्हेंबर ते मार्च कुठं असतो? बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या बऱ्याच शाळांमधी या प्रश्नाचं उत्तर "कारखान्यावर", म्हणजे ऊसतोडीला, असं येतं. आमच्या शाळेतल्या एका पोरीचं डिजिलॉकर (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) उघडत होतो, ती हंगामी वसतिगृहात राहायची, आईबाप ऊसतोडीला. आधारला नंबर बापाचा, त्यामुळं ओटीपी गेला थेट फडात. तिनं माझ्या फोनवरून बापाला लावला, मागं ट्रॅक्टरचा आवाज, बाप म्हणतोय "थांब माय, हात पुसू दे", मग आलेला मेसेज त्याला वाचता येईना म्हणून शेजारच्या पोराला हाक मारली, त्यानं एकेक आकडा सांगेस्तोवर वेळ संपून गेली, परत पाठवला तर तोपर्यंत फोनची रेंज गेलेली. त्या दिवशी काही झालं नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी, माणसं गावात असतानाच, ज्याला ज्याला आधारला नंबर बदलून घ्यायचाय किंवा जोडायचाय त्यांची यादी करून गावातच कॅम्प लावायला सांगा. चुलता, आजोबा, मोठी बहीण, जो कुणी वर्षभर गावात असतो त्याचा नंबर बरा.

पासवर्ड वहीत लिहायचे का? लिहा, पण ती वही कपाटात कुलपात ठेवा आणि सगळ्या वर्गाला एकच पासवर्ड ठेवू नका. पोरं हुशार असतात, एकमेकाच्या खात्यात शिरून कल चाचणी (आवडीनिवडीची चाचणी) भरून टाकतात गंमत म्हणून.

लॅबमधला तास

पूर्ण वर्ग एकदम नेला की काही होत नाही, नुसता गोंधळ. दहा-बारा पोरं न्या, एका स्क्रीनला दोघं, तीनपेक्षा जास्त तर नाहीच. एकानं माऊस धरायचा, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, मग बदली. जो वाचतो त्यालाच खरं समजतं, म्हणून वाचायला मुद्दाम गप्प बसणारं पोरगं लावायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू नका, निम्मी पोरं गायब असतात. सकाळचा तास बरा, नेटही चांगलं चालतं.

लाईट जाणार हे धरूनच चालायचं. आदल्या दिवशी पाच-सहा करिअरची पानं उघडून मोबाईलमधी स्क्रीनशॉट काढून ठेवा किंवा प्रिंट मारून ठेवा, लाईट गेली की तास प्रिंटवर चालू. खरं सांगायचं तर प्रिंटवरचा तासच जास्त चांगला होतो, कारण पोरं पेन्सिलनं खुणा करतात.

पहिल्या तासाला लॉगिन करायला शिकवणं, भाषा मराठी करणं, मागं कसं यायचं, शोध कसा घ्यायचा, बस. जास्त काही नको. पोरं शोधात "मिल्ट्री" टाकतात आणि काही सापडत नाही म्हणून बसतात. पोर्टलवरची नावं पुस्तकी असतात, आपल्या पोरांच्या तोंडातली वेगळी. "मिल्ट्री"ला संरक्षण दल, "साहेब"ला प्रशासकीय सेवा, "कंपाउंडर"ला औषधनिर्माण, अशी एक छोटी यादी तुमच्या तुम्ही करून घ्या.

कल चाचणी: घ्या, पण डोक्यावर घेऊ नका

बोर्डानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या सगळ्या पोरांची कल चाचणी घेतली होती, जुन्या शिक्षकांना आठवत असेल. पोर्टलांवर आजही तशा आवडीच्या चाचण्या असतात. बऱ्याचशा चाचण्या जॉन हॉलंडच्या सहा गटांवर बेतलेल्या, म्हणजे हातानं काम करणारा, शोध घेणारा, कलेतला, लोकांत रमणारा, पुढाकार घेणारा, नोंदी-हिशोब नीट ठेवणारा.

चाचणी चालू असताना आपण मागं उभं राहायचं नाही. सर मागं उभे असले की पोरगं "मला वाचन आवडते"वरच टिक करतं. बरोबर-चूक असं काही नसतं हे तीनदा सांगा. आणि एक ध्यानात ठेवा, चाचणी आवड मोजते, आणि पोराला आवड त्याच गोष्टीची असते जी त्यानं बघितलीय. गावात नर्स बघितली, मास्तर बघितला, पोलीस बघितला, तलाठी बघितला. ड्राफ्ट्समन, मातीपरीक्षण करणारा, टूल अँड डाय म्हणजे कारखान्यातली हत्यारं-साचे बनवणारा माणूस कुणी बघितलाय? म्हणून चाचणीच्या आधी दोन-तीन तास नुसती वेगवेगळी पानं चाळू द्या, मगच चाचणी घ्या. निकाल आला की तो भिंतीवर लावायचा नाही आणि "तुझा कल कलेकडं आहे म्हणजे सायन्स घेऊ नको" असलं काही बोलायचं नाही. पहिले दोन-तीन गट बघायचे आणि त्या गटांतली आठ-दहा पानं वाचायला लावायची, एवढाच त्याचा उपयोग.

पान कसं वाचायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथं जास्त वेळ द्या.

वहीतल्या पानावर प्रत्येक करिअरला पाच गोष्टी लिहायला लावायच्या: पात्रता, परीक्षा, किती वर्षं, जवळ कुठं शिकता येतं, आणि पैसे. याच क्रमानं. पात्रता लिहिताना "बारावी पास" एवढं चालणार नाही, कोणती शाखा, कोणते विषय, किती टक्के, तेही पाहिजे.

उदाहरण शेतीचं घ्या, आपल्याकडं हे दरवर्षी होतं. पोरगं म्हणतं शेती करतोच आहे, ॲग्रीला जाईन, आणि अकरावीला आर्ट्स घेतं कारण कॉलेज गावातच आहे. बीएस्सी ॲग्रीला बारावी सायन्स लागतं आणि वर सीईटी लागते. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ घराजवळ आहे म्हणून ती अट काही बदलत नाही. त्याला हे दहावीत कळलं तर तो सायन्स घेईल, नाहीतर दहावीनंतरच्या कृषी पदविकेकडं बघेल, बारावी आर्ट्सनंतर कळलं तर काय करणार.

अशीच आणखी काही पानं वर्गात सगळ्यांना वाचून दाखवा. इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स आणि गणित पाहिजे, मेडिकलला बायोलॉजी. अकरावीत गणित सोडून नुसती बायोलॉजी ठेवली की बीई बंद, बायोलॉजी सोडली की नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) बंद, दोन्ही ठेवले तर अभ्यास जड. कोणता पर्याय घ्यायचा ते पोरानं ठरवावं पण ठरवताना माहीत असावं. एमएचटी-सीईटीचे पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-गणित) आणि पीसीबी (गणिताच्या जागी बायोलॉजी) असे दोन गट वेगळे असतात. डी.फार्मसीला सायन्स लागतं, त्यात गणित किंवा बायोलॉजी दोन्हींपैकी काहीही चालतं. नर्सिंगमधी बीएस्सी नर्सिंगला बायोलॉजीसह सायन्स पाहिजे, पण जीएनएमला (नर्सिंगचा डिप्लोमा) इतर शाखांचीही पोरं चालतात, बारावीला इंग्रजी मात्र लागतं. आर्ट्सच्या पोरांना हे कुणी सांगतच नाही. आर्ट्स-कॉमर्सच्या पोरांना पाच वर्षांचं लॉ पण दाखवा, बारावीनंतर थेट, त्याची सीईटी वेगळी. आणि २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही सीईटी आली, पहिल्या वर्षी कित्येकांना पत्ताच नव्हता, कॉलेजात गेल्यावर कळलं. म्हणून परीक्षेचा रकाना दरवर्षी नव्यानं भरायचा, मागच्या वर्षीचा कागद झेरॉक्स करून वाटायचा नाही.

दहावीनंतरच्या रस्त्यांना आपल्याकडं उगं कमी समजतात. पॉलिटेक्निकला दहावीला ३५ टक्के असले तरी पात्रता होते (चांगल्या सरकारी कॉलेजात नंबर लागायला अर्थातच जास्त लागतात), तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तो झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांची आयटीआय केलेलं पोरगं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतं. म्हणजे आयटीआयवाला इंजिनिअर होऊ शकतो, फक्त रस्ता लांबचा. हे फळ्यावर बाण काढून दाखवा, पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वर्दीचं वेगळं सांगतो कारण निम्म्या पोरांना तेच पाहिजे असतं. "पोलीस" म्हटलं की पोर्टलवर बऱ्याचदा वरच्या अधिकाऱ्याचं पान उघडतं, यूपीएससी वगैरे. पोराच्या मनात असते पोलीस भरती. शिपाई भरतीला बारावी पास, कोणतीही शाखा, आणि उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. पीएसआयला पदवी लागते. अग्निवीरला वय साडेसतरा पूर्ण लागतं. एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आर्मीसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स-केमिस्ट्री-गणित पाहिजेच, आणि २०२१ पासून मुलीही एनडीएची परीक्षा देतात, हे पोरींच्या वर्गात मुद्दाम सांगा. छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, एसपीआय म्हणतात, १९७७ पासूनची, सरकारी. अकरावी-बारावी तिथं ठेवून घेतात आणि एनडीएची तयारी करून घेतात. तिचा फॉर्म दहावी चालू असतानाच भरावा लागतो, निकालानंतर विचारून उपयोग नाही. पळायला रोज उठणारी पोरं तुमच्या वर्गात असतील तर नोव्हेंबर-डिसेंबरपासून त्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

उंची वहीत लिहून ठेवायची का असं एका मॅडमनं विचारलं होतं. ठेवा की, त्यात काय लाजायचं. पण नववीतल्या पोराला "तू बसत नाहीस" म्हणू नका, अजून वाढायचं वय असतं.

जवळ कुठं आहे

पोर्टलवर कॉलेज शोधलं की पुण्या-मुंबईची यादी वर येते. जिल्हा निवडायला शिकवा. आपल्याकडं काय काय आहे हे पोरांना सोडा, आपल्यालाच नीट माहीत नसतं: नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी इंजिनिअरिंग, संभाजीनगरचं सरकारी इंजिनिअरिंग, तिथलंच इंडो जर्मन टूल रूम जिथं दहावीनंतर टूल अँड डायचा डिप्लोमा होतो, जिल्ह्याजिल्ह्यातली सरकारी पॉलिटेक्निकं आणि आयटीआय. एसटीचं भाडं, पास, होस्टेल आहे का, हे पोर्टल सांगत नाही, ते माजी विद्यार्थ्यांना फोन लावून विचारायचं. माझं मत विचाराल तर कॉलेजच्या वेबसाईटपेक्षा तिथं शिकणारं आपल्या गावचं एक पोरगं जास्त खरं सांगतं.

लातूरचं काय, हा प्रश्न येणारच. दहावीला नव्वदच्या पुढं गेलं की अख्खं गाव म्हणतं लातूरला टाका. लातूर पॅटर्ननं भरपूर डॉक्टर-इंजिनिअर घडवले हे खरंय. पण पालकासोबत बसून वहीत पैशाचा रकाना भरा: क्लासची फी, रूमभाडं, मेस, दोन वर्षं. आणि पोराला बायोलॉजी खरंच आवडते का, हे त्याला एकट्याला विचारा, बाप बाजूला नसताना.

शिष्यवृत्ती आणि कागदं

पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीच्या यादीत पोरं हरवतात, कारण बरंचसं आपल्या कामाचं नसतं. गाळून द्या. आठवीच्या पोरांसाठी एनएमएमएस: सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या पोरांना, परीक्षेच्या गुणवत्ता यादीत नाव आलं की, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. परीक्षा आठवीतच असते, म्हणून करिअरचं काम नववीपासून सुरू करायचं असं जे म्हणतात ते मला पटत नाही, आठवीला एक तास घ्याच. दहावीनंतर बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना सरकारी होस्टेल मिळालं नाही तर राहण्या-जेवणाचे पैसे देणारी स्वाधार योजना आहे. महाज्योती या सरकारी संस्थेकडून ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीच्या सायन्सला गेलेल्या पोरांना सीईटी-नीटची ऑनलाईन तयारी, टॅबसकट. आणि पोरींच्या आईबापांना हे सांगाच: २०२४-२५ पासून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश सरकारी कॅप राऊंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरी) झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. होस्टेल-मेसचे पैसे त्यात येत नाहीत, हेही लगेच सांगा नाहीतर नंतर भांडण आपल्यासोबत.

आता कागदं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, ज्याला लागतं त्याला नॉन क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस. जूनमधी सेतू आणि महा ई-सेवा केंद्रावर जी गर्दी होते ती तुम्ही बघितलीच असेल, सर्व्हर डाऊन, तहसीलला सही बाकी, आणि इकडं फॉर्मची शेवटची तारीख. जातीचा दाखला आणि डोमिसाईल हिवाळ्यातच काढून घ्या. उत्पन्न आणि नॉन क्रिमिलेअरला मुदत असते, ती ३१ मार्चला संपते की पुढं चालते ते बघूनच काढा, उगं पैसे वाया नको. जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी ही अकरावीतच टाकायची, कॉलेजमार्फत, कारण त्याला महिने लागतात आणि बारावीनंतर राखीव जागेवर व्यावसायिक कोर्सला गेलं की ती मागतातच. दहावीच्या निरोप समारंभाला भाषणाऐवजी हे सांगितलं तरी चालेल.

नावातला फरक हा सगळ्यात वैताग. दाखल्यावर "ज्ञानेश्वर", आधारवर "ज्ञानोबा", बँकेत तिसरंच. पहिल्या दिवशी वहीत दोन्ही नावं लिहायला सांगितली ती यासाठीच. शाळेच्या रेकॉर्डमधली दुरुस्ती बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी होते तेवढी सोपी नंतर होत नाही.

अकरावीचा फॉर्म

२०२५ पासून अकरावीचे ऑनलाईन प्रवेश पूर्ण राज्याला लागू झाले. आधी हे मोठ्या शहरांचं लचांड होतं, आपल्याकडं कॉलेजात जाऊन फॉर्म भरला की झालं. आता गावातल्या गावात, त्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजला जायचं असलं तरी फॉर्म पोर्टलवरच. पहिल्या भागात वैयक्तिक माहिती, दुसऱ्या भागात पसंतीक्रम. २०२५ला दहापर्यंत कॉलेजं टाकता येत होती. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथं प्रवेश घ्यावाच लागत होता, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरवर नेट कॅफेवाल्यानं सुचवलेलं कॉलेज टाकायचं नाही. पोरं कॅफेवर जातात, तो आपला घाईत भरून देतो, पसंतीक्रम वर-खाली होतो. शाळेत बसूनच भरून घ्या, भरण्याआधी दहा नावं वहीत लिहून घ्या, पालकाची सही घ्या त्याखाली. नियम दरवर्षी थोडे इकडं-तिकडं होतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघितल्याशिवाय काही सांगू नका.

पालकांची बैठक

बैठक संध्याकाळी ठेवा, दिवसा कुणी येत नाही. प्रोजेक्टरवर पोर्टल दाखवायचा मोह आवरा, मागच्या रांगेतल्या माणसाला काही दिसत नाही आणि तो झोपतो. त्याऐवजी त्याच्या पोराचं वहीतलं पान त्याच्या हातात द्या आणि पोरालाच वाचून दाखवायला लावा. "आबा, मला हे करायचंय, त्याला गणित लागतंय, परीक्षा ही आहे, कॉलेज नांदेडला आहे, फी एवढी आहे." बाप पहिला प्रश्न विचारतो, "नोकरी लागंल का?" याचं उत्तर पोर्टलवर नसतं आणि आपल्याकडंही नसतं, खोटी खात्री देऊ नका. पण पोरगं पाच ओळी नीट वाचून दाखवतंय हे बघून बापाचा सूर बदलतो. पोरींच्या बाबतीत बैठकीला आईला बोलवा, लग्नाचा विषय निघालाच तर मुलींच्या फी माफीचा आणि होस्टेलचा कागद तिच्याच हातात द्या.

सावध कुणापासून राहायचं

शाळेत येऊन बोटांचे ठसे घेतो आणि पोराचा मेंदू कोणत्या करिअरचा आहे ते सांगतो म्हणणारे येतात, रंगीत रिपोर्ट देतात, पैसे घेतात. त्याला काही शास्त्रीय आधार नाही, गेटवरूनच परत पाठवा. "नंबर लावून देतो" म्हणणारा, पोराचा ओटीपी मागणारा, मूळ कागदपत्रं जमा करून घेणारा, तिघंही एकाच माळेचे मणी. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे पोरांकडून पाठ करून घ्या. मूळ मार्कशीट हातातून सोडायची नाही, झेरॉक्स द्यायची.

निकालानंतर

पास झालेल्यांसाठी सगळे धावतात. नापास झालेल्यांची यादी तुमच्याकडं असली पाहिजे. एक-दोन विषयांत राहिलेलं पोरगं एटीकेटीनं (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर) अकरावीला जाऊ शकतं, हे बऱ्याच घरी माहीतच नसतं. जून-जुलैमधी पुरवणी परीक्षा असते, तिचा फॉर्म लगेच भरायचा असतो. वेल्डर, सुतारकाम, शिवणकाम असे आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासलाही मिळतात, ते आयटीआयच्या पोर्टलवर ट्रेडनुसार पात्रता उघडून बघा. ही पोरं निकालाच्या दिवशी शाळेकडं फिरकत नाहीत, काही तर दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या गाडीत बसतात, चाकण नाहीतर हडपसरला कुणाच्या तरी ओळखीनं. त्यामुळं निकाल एक वाजता लागला की दोनच्या आत वही उघडून त्यांना फोन लावायचा, पास झालेल्यांचे पेढे नंतर खा.